मदत हवी आहे: काटकोनात न जुळणाऱ्या विटांच्या भिंती

राजेहो, बांधकामातलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. घर यवतमाळ जिल्ह्यात, खेड्यात. आवारातल्या बगीच्याला चार फूट उंच, नऊ इंची भिंत घालायची आहे. एका बाजूनं नाला तिरपा गेल्यानं एक कोपरा साधारण १२० अंशांचा होतो, दुसरा ७० च्या आसपास. काटकोन तपासायचा गुण्या दोन्हीकडे निकामी.

मिस्त्री म्हणतो, "वीट फोडून बसवतो, बाकी सिमेंट-वाळूच्या मसाल्यात झाकून जाते." मला ते पटत नाही. मोठ्या कोनात बाहेरून तिकोनी फट राहते, ती नुसत्या मसाल्यानं भरली तर तडकणारच. आणि ७० अंशांच्या कोपऱ्यावर विटेचं टोक इतकं निमुळतं होतं की बैलाचं शिंग लागलं तरी उडेल.

मला दोन उपाय सुचतात. एक, कटरनं विटा कोनात कापायच्या आणि दर थराला सांधमोड करत (उभे सांधे एकावर एक येऊ न देता) दोन्ही भिंती एकमेकींत गुंफायच्या. दुसरा, कोपऱ्यात काँक्रीटचा खांब उभा करून भिंती त्याला भिडवायच्या, चार-चार थरांनी खांबातून सळी काढून. दुसरा सोपा दिसतो, पण आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब आणि भिंत वेगवेगळी हलली तर उभी चीर पडेल ना? पाया मुरमापर्यंत नेऊन वर सलग बीम टाकला तर भागेल का?

विटा फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या आहेत. त्या कापताना कडा ढासळतात का, की भट्टीच्याच घ्याव्या? असा कोपरा कोणी बांधला असेल तर फोटो टाका. भाऊ तर म्हणतो कोपरा गोलच करून टाक, पण त्यात जागा जाते.