नवी पुस्तकं आणि नवी पालवी : तुमचे अनुभव लिहा

पानोपानी
आज ग्रंथालयात गेले तर देवघेवीच्या टेबलावर सुतळीने बांधलेले गठ्ठे! शेजारी कात्री, शिक्क्याचं पॅड, डिंकाची बाटली. खिडकीबाहेर पिंपळाला तांबूस पालवी, इतकी कोवळी की उन्हात पानांच्या शिरा आरपार दिसत होत्या. आणि लहानपणीच्या ग्रंथपाल काकांचा आवाजच कानात आला, "आज नाही मिळणार, अजून नोंद व्हायचीय."

हे ऐकूनही आम्ही मुलं हलायचो नाही. काका एकेक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचे, मग शीर्षकपानावर शिक्का, आत कुठेतरी आणखी एक शिक्का, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी, शेवटी तारखांचा कागद. आवडलेलं मुखपृष्ठ कुठल्या ढिगात गेलं ते डोळ्यात तेल घालून बघायचं आणि पुस्तक बाहेर आलं की पहिला नंबर लावायचा. ते वाट बघणंसुद्धा मला फार आवडायचं.

तुमच्याकडे कसं होतं? वसंताची चाहूल, नवी पुस्तकं, दोन्ही किंवा एकच, काहीही चालेल. लिहा.

कपाटाची किल्ली
"आत कुठेतरी" म्हणजे गुप्त पान! प्रत्येक ग्रंथालय आपापलं पान ठरवतं आणि सगळ्या पुस्तकांत त्याच पानावर शिक्का मारतं. पुढची-मागची पानं गेली तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. मी ग्रंथालयातच काम करते. आमचं पान कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही.

भरदुपार
वास!!! नव्या पुस्तकाची शाई, डिंक, कागद. बस आली, उरलेलं नंतर.

जुनं खोड
पळसाला पानं तीनच म्हणतात तसं आहे, कुठल्याही ग्रंथालयात जा, शिक्का, डिंक आणि "नोंद व्हायचीय" ठरलेलं.

पळसाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आमच्या वाचनालयाच्या मागे एक होता. आधी सगळी पानं झडायची, मग नुसत्या काळपट फांद्यांवर केशरी फुलं. सकाळी मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची त्यावर झुंबड. आम्ही पेपर वाचायला म्हणून जायचो आणि पेपर मांडीवरच राहायचा. त्याच दिवसांत नवी पुस्तकं लागायची, म्हणून पळस फुलला की मी अजूनही नव्या पुस्तकांचं कपाट बघून येतो.

चिऊची आई
किती सुंदर लिहिलंय काका!

माझी लेक परवा विचारत होती, नवी पानं लाल का असतात? कुणाला माहीत आहे का?

जुनं खोड
अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं, तोवर कडक उन्हापासून पानाचं रक्षण व्हायला त्याची मदत होते असं मानतात. तिला कुसुंब दाखवा. त्याची पालवी लालभडक असते, लांबून फुलंच वाटतात.

मधली सुट्टी
मला वसंत म्हणजे शिंका. परागकण आणि पुस्तकांची धूळ, दोन्ही एकदम. तरी जाते, रुमाल घेऊन जाते.

पानोपानी
@मधली सुट्टी, अगं काळजी घे. निदान जुन्या कपाटांकडे जाऊ नकोस, नव्या पुस्तकांपाशीच थांब.

उंबरठा
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आई अंथरुणाला खिळून आहे. पूर्वी आठवड्याचं पुस्तक तीच बदलून आणायची, आता मी जाते. मी परत आले की ती आधी पुस्तक मागत नाही, "सावर फुलली का?" विचारते. ग्रंथालयाच्या फाटकाशी काटेसावर आहे. यंदा खाली पडलेलं एक फूल उचलून आणलं. चांगलं जड असतं ते, पाकळ्या जाड, आत केसरांचा भरगच्च झुबका. आईने तळहातावर ठेवून बोटाने एकेक केसर बाजूला केला. मग म्हणाली, आता दे पुस्तक.

नव्या पुस्तकांतलं काही आलं तर तिथल्या ताई आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. मोठा टाईप, वजनाला हलकं, झोपून धरता येईल असं. त्यांना कुणी असं करायला सांगितलेलं नाही.

भरदुपार
उंबरठा, वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा. पुस्तक उभं धरायला उतारावरचं लाकडी स्टँड मिळतं, छातीवर उशी ठेवून त्यावर मांडता येतं. माझ्या सासूबाईंना त्याचा खूप उपयोग झाला.

उंबरठा
नक्की बघते ताई, मनापासून आभार.

कपाटाची किल्ली
उंबरठा, त्या ताई खऱ्या ग्रंथपाल. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं "प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक" आणि तिसरं "प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक". मला तिसरं जास्त प्रिय. शेवाळावरचं एक पुस्तक आमच्याकडे पडून होतं, तारखांचा कागद कोरा. मी ते नव्या पुस्तकांच्या कपाटात दर्शनी उभं केलं. एक आजोबा आले, तिथेच उभ्याउभ्या वाचत राहिले आणि घरी घेऊन गेले. परत करताना विचारलं, "या विषयावर आणखी आहे का?" त्या दिवशी मी घरी गेले ती हसतच.

आणि नवी पुस्तकं यायच्या आधी आमचं निर्लेखन चालतं, म्हणजे खराब झालेली पुस्तकं बाद करणं. कोपरा दुमडला की कागदाचा तुकडाच पडतो, अशी पुस्तकं.

जुनं खोड
बाद?? बांधणी करून ठेवता येत नाहीत का?

कपाटाची किल्ली
काका, शिवण सुटली असेल तर बांधणी करतोच. कागदच ठिसूळ झाला असेल तर शिवण धरत नाही. आणि दुर्मिळ पुस्तकाला हात लावत नाही, ते वेगळं जपून ठेवतो. हाताळताना आत काय काय सापडतं! वाळलेली पानं, पत्रं, कुणाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या.

तिसरी घंटा
आमचं ग्रंथालय बंद झालं. वर्गणीदार कमी होत गेले आणि एक दिवस कुलूप. आवारातला पांगारा अजून फुलतो. तिथून जाताना मान वर होतेच. बाकी काही नाही, धागा वाचून बरं वाटलं म्हणून लिहिलं.

पानोपानी
फार वाईट वाटलं हो. लिहीत राहा इथे.

भरदुपार
आले परत. एक सांगायचं होतं. जाड बांधणीचं नवं पुस्तक एकदम मधोमध उघडू नका, पाठ मोडते. टेबलावर पाठीवर उभं धरायचं, दोन्ही पुठ्ठे आडवे करायचे, मग थोडी पानं पुढून, थोडी मागून, बोटाने शिवणीजवळ हलकेच दाबत मध्यापर्यंत यायचं. वडिलांनी शिकवलं. नवं पुस्तक घरात आलं की हे काम माझं असायचं आणि भावाला त्यात हात घालू द्यायचे नाही.

मधली सुट्टी
भाऊ इथे वाचत असेल तर?

भरदुपार
वाचू दे! आता त्याची मुलगी करते हे काम, अगदी मन लावून.

चिऊची आई
अवांतर आहे, पण आमच्याकडे पहाटेपासून कोकिळा गातेय. चिऊला तिचं चित्र हवंय.

जुनं खोड
गातो तो नर. काळाभोर, डोळे लाल. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. ती गात नाही, किक-किक ओरडते. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून जवळपास कावळ्यांची आरडाओरड चालली असेल तर नीट बघा.

चिऊची आई
अय्या, चालली आहे ना! सकाळपासून! ग्रंथालयात पक्ष्यांची पुस्तकं कुठे असतात? आम्ही नेहमी गोष्टींच्या कपाटापाशीच असतो.

कपाटाची किल्ली
पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायची ड्युई पद्धत असेल तर पाठीवरच्या चिठ्ठीत ५९८ बघा. वनस्पती ५८० पासून, म्हणजे बहुधा त्याच्या जवळच सापडतील. नव्या आलेल्यांचं कपाट वेगळं असतं, तेही विचारा.

चिऊची आई
संध्याकाळी जातोय दोघी.