मदत हवी आहे: डाल्झाची पावाना गिटारवर लागतच नाहीये

सैल_खुंटी:
रविवारी वाजवायची आहे, प्लीज लवकर सांगा. डाल्झा या जुन्या इटालियन ल्यूटवादकाची 'पावाना आला व्हेनेत्सियाना' ही नाचाची रचना, ल्यूटच्या (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) टॅबवरून, म्हणजे तारांच्या रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे अशा लिपीवरून, थेट गिटारवर बसवतोय. ल्यूटसारख्या तारा लागाव्यात म्हणून तिसरी तार उतरवून एफ शार्प केलीय, त्यामुळे ट्यूनिंगचा प्रश्न नाही. तरी चार दिवस झाले, चाल सापडत नाही. काही आकड्यांखाली टिंबं आहेत, ती कशाची?

कॅपोवाला:
तिसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चाप, लावा. मी डाउलंडच्या ल्यूटच्या रचना तशाच वाजवतो, ल्यूटचा भास होतो.

मऊ_नखं:
कॅपोने फक्त पट्टी चढते, बोटं तीच राहतात. चुकीची चाल चढ्या पट्टीत चुकीचीच वाजणार. त्यापेक्षा नखं कापा, ल्यूट बोटांच्या मांसल टोकांनी वाजवतात.

कॅपोवाला:
मी नखांनीच वाजवतो, छान वाजतं.

खर्ज:
टॅब कुठली? नव्याने टाइप केलेली, की १५०८ च्या व्हेनिसच्या छापील पुस्तकाची प्रत? आणि नेमकं काय ऐकू येतंय?

सैल_खुंटी:
जुन्या पुस्तकाचीच. सहा रेघा, त्यावर आकडे. चाल जाड तारांवर गडगडते आणि वर बारीक तार एकटीच टणटणत राहते.

खर्ज:
मग रेघा उलट्या वाचताय. इटालियन टॅबमध्ये सगळ्यात खालची रेघ म्हणजे बारीक तार, वरची म्हणजे खर्जाची. ल्यूट मांडीवर धरून मान खाली घाला, डोळ्यांना तारा त्याच क्रमाने दिसतात.

मऊ_नखं:
सरसकट असं नाही. लुईस मिलान या स्पॅनिश वादकाचं वलेन्सियात छापलेलं पुस्तक घ्या, १५३६ चं. त्यातही आकडेच आहेत, पण वरची रेघ बारीक तारेची.

खर्ज:
ते विहुएलासाठी, म्हणजे स्पेनच्या गिटारसारख्या जुन्या वाद्यासाठी आहे. इथे प्रश्न डाल्झाचा आहे.

सतारीचा_पडदा:
ल्यूटचे पडदे आतड्याच्या तारेचे, दांडीला बांधलेले, सरकवता येणारे. मिरजेत सतारीचे पडदे बांधताना पाहिलेत, गाठ घट्ट बसली की कारागीर अंगठ्याने पडदा केसभर सरकवून सूर बघतो. गिटारच्या ठोकलेल्या फ्रेटवर ते सुख नाही.

कॅपोवाला:
पावाना संथ, दोनाच्या ठेक्यात ठेवा. डाल्झाने प्रत्येक पावानेमागे साल्तारेल्लो आणि पिवा हे जलद नाच जोडलेत, तेही वाजवा. एकटी पावाना अर्धवट वाटते.

सैल_खुंटी:
लय मी विचारलीच नव्हती. पण रेघा उलटल्या आणि पहिल्या ओळीतच चाल आली! चार दिवस वरची रेघ बारीक तार धरून बसलो होतो. टिंबांचं राहिलं. ते स्वर तोडून वाजवायचे का?

खर्ज:
नाही. टिंब असेल तिथे तर्जनी वर खेचायची, नसेल तिथे अंगठा खाली. भरभर जाणाऱ्या स्वरांत अंगठा-तर्जनी, अंगठा-तर्जनी अशी जोडी येते. अंगठ्याचा स्वर थोडा वजनदार पडतो, तो पडू द्या, ठेका त्यातूनच उठतो. आज तेवढीच ओळ हळू घोटा.

सैल_खुंटी:
बसलो. साल्तारेल्लो उद्या काढतो.