फी-माफीचं आधी बघा

लांज्याच्या काकांनी विचारलंय: मुलीला इंजिनिअरिंगसाठी कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) लोणेऱ्याच्या विद्यापीठात मेकॅनिकल लागलंय आणि पुण्यात एका खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळतंय, तर काय घ्यावं? उत्तर देणारे बहुतेक जण 'ब्रँच की कॉलेज' यावरच अडलेत. काका, फीचं आधी बघा. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) मुलींना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत गेली. होस्टेल-मेसचा खर्च मात्र या माफीत येत नाही.

कॉम्प्युटरच हवं असेल तर लोणेऱ्याची सीट फ्रीझ (कायम) न करता बेटरमेंटला, म्हणजे आणखी चांगल्या सीटच्या प्रतीक्षेत राहा, पुढच्या फेरीत नवा पसंतीक्रम भरता येतो. फक्त नव्या यादीतली सीट लागली की हातातली जाते, म्हणून उगाच कॉलेजांची नावं भरू नका. रत्नागिरीचं शासकीय कॉलेजही यादीत बघा.

बाकी येण्याजाण्याचं म्हणाल तर लोणेऱ्याजवळच्या माणगावला दिवा-सावंतवाडी गाडी पकडली की थेट लांज्याजवळचं विलवडे स्टेशन. (मुंबई-गोवा हायवेचं नाव काढू नका!) आणि हो, मेकॅनिकल खरंच आवडतं का, हे मुलीला कुणी विचारलंय की नाही?