रोलरकोस्टर टायकून: तुम्ही रचलेले सिनारिओ

रोलरकोस्टर टायकून हा मनोरंजन पार्क उभारून चालवायचा संगणक खेळ. १९९९ च्या पहिल्या भागात आपल्याला नुसतं खेळायची मुभा होती. नकाशा, कर्ज, मुदत सगळं खेळ बनवणाऱ्या क्रिस सॉयरने ठरवलेलं. २००२ च्या दुसऱ्या भागात सिनारिओ एडिटर, म्हणजे नकाशा, अटी आणि उद्दिष्ट स्वतः रचायची सोय, मिळाला आणि आपल्यातले बरेच जण पार्क चालवायचं सोडून दुसऱ्यांना छळायच्या मागे लागले. तर लिहा. उद्दिष्ट काय ठेवलंत ते एका ओळीत उरका, खेळणाऱ्याची वाट कशी अडवलीत ते सविस्तर येऊ द्या.

*

मी पैशावरून सुरुवात करतो. प्रवेश फुकट, दर राइडला तिकीट, आणि पाहुण्यांच्या खिशात रक्कम बेताची. एवढ्यानेच खेळ पार बदलतो. महागडा कोस्टर बांधून गल्ला भरायची सवय असलेले लोक गुमान घसरगुंड्या आणि भूतबंगले उभारायला लागतात. व्याजदर मात्र फार चढवू नये, नाहीतर गंमत जाऊन सावकारी उरते.

*

मूळचा देवगडचा, सध्या शारजात. नकाशा अर्थातच कोकणातला केला: वर उघडा सडा (कातळाचं पठार), मग उभी उतरण, खाली खाडी. सडा पार्कच्या मालकीचा, खाडीकाठचा पट्टाही मालकीचा. मधली उतरण म्हणजे भाऊबंदांच्या वाड्या! तिथे मी जमीन दिलीच नाही, फक्त बांधकाम हक्क दिले. म्हणजे रूळ वरून न्या नाहीतर बोगद्यातून, जमिनीला हात लावायचा नाही. त्यावर जमिनीचे चढउतार बदलायला बंदी. ही कल्पना काही माझी नाही, पहिल्या भागातल्या रेनबो व्हॅली या सिनारिओत अशी बंदी आहे आणि मोठी झाडं तोडायलाही मनाई आहे.

खेळणारा आधी चिडतो. मग त्याच्या लक्षात येतं की सड्याच्या कडेवरून सोडलेल्या गाडीला उतार आयता मिळतोय, साखळीने चढवायची गरजच कमी. हे त्याला आपण सांगायचं नाही. उंच बांधकामाची बंदीही टाकायचा मोह झाला होता, पण मग सगळे नुसते बोगदेच खणत बसले असते.

*

वरच्यांचा सिनारिओ खेळलोय, वाड्यांवरून पायवाट नेताना घाम फुटला! माझं काम साधं, मी फक्त संशोधनाची यादी, म्हणजे कुठली राइड किंवा दुकान कधी हाती येईल तो क्रम, हलवतो. शफलचं बटण असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पहिल्या वर्षी काय हाताशी असेल यावरच सगळं ठरतं. मी एकदा सगळे मोठे कोस्टर शेवटाला ढकलले आणि भाच्याला खेळायला बसवलं. शेजारी गप्प बसून बघत होतो. त्याने पाहुण्यांचे विचार उघडले, तर ओळीने सगळ्यांना शौचालय हवंय, आणि शौचालय यादीत पार खाली गेलेलं. "मामा, हे लोक घरी का जात नाहीत?" शौचालय वर आणलं. मेरी-गो-राउंड आणि पाळण्यांवर तो मजेत तगला.

मुदत ठेवताना एक धरा: खेळातलं वर्ष मार्च ते ऑक्टोबर, ८ महिन्यांचंच. पहिल्या भागातल्या फॉरेस्ट फ्रंटियर्स या सिनारिओत पहिल्या वर्षाअखेर २५० पाहुणे आणि पार्कचं ६०० रेटिंग लागतं, ते माप मी समोर ठेवतो.

*

कोऱ्या नकाशापेक्षा मला मोडकळीला आलेलं पार्क आवडतं. एडिटरमध्ये राइड बांधता येत नाहीत, म्हणून आधी नेहमीसारखा खेळ खेळायचा, हवा तेवढा गोंधळ घालायचा आणि सेव्ह केलेला खेळ सिनारिओत बदलून घ्यायचा. ती सोय मेनूत आहे. पायवाटा गुंतागुंतीच्या ठेवते, कोस्टर अर्धवट. "पाच अर्धे कोस्टर पूर्ण करा" हे उद्दिष्ट त्यासाठीच असावं. प्रत्येक कोस्टर जिथे थांबवायचा तिथे पुढे दोन तरी मार्ग सुटतील असं बघते. एकच मार्ग उरला तर ते कोडं होतं, आणि कोडं एकदा सुटलं की परत कोणी उघडत नाही.

*

मला या बंद्याबिंद्या पटत नाहीत. भरपूर जमीन, कर्ज शून्य, उद्दिष्ट "मजा करा". माझे सिनारिओ बायको रोज रात्री खेळते. तुमचे कोण खेळतं?

*

भाचा. सक्तीने.