घरी बनवायचे टू-वे उभे स्पीकर : वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हर कसे निवडू?

कऱ्हाडचा श्रोता
नमस्कार मंडळी. वडिलांनी जमवलेल्या ख्याल-ठुमरीच्या ध्वनिमुद्रणांसाठी उभ्या स्पीकरची जोडी घरीच बनवायची ठरवली आहे. खोली १२ बाय १४ फूट. अँप एलएम३८८६ चिपचा, ८ ओहमला साधारण ३८ वॅट देणारा. पेटी मीटरभर उंच, १८ मिमी प्लायची. सुतार ओळखीचा आहे, त्यामुळे लाकडाची चिंता नाही.
डग्गा भरीव ऐकू यावा म्हणून ८ इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा) घ्यावा असं मनात आहे. सोबत एक इंची सिल्क डोम ट्वीटर, म्हणजे रेशमी घुमटाचा, वरचे स्वर वाजवणारा. बाजारात ३००० हर्ट्झचे तयार टू-वे क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर या दोघांत वाटून देणारे फिल्टर) मिळतात, ते लावले तर चालतील का?

घुमारा
८ इंचीच घ्या, खोली भरून निघते. माझ्याकडे तयार क्रॉसओव्हरच आहे आणि चित्रपटसंगीत छान वाजतं. कानाला बरं वाटलं की झालं, फार खोलात शिरू नका.

जवारी, मिरज
घुमारासाहेब, तुमच्या गाण्यांना ते पुरत असेल. पण यांना ख्याल ऐकायचा आहे, आणि ख्यालात पहिल्यापासून शेवटपर्यंत तानपुरा वाजत असतो. मी मिरजेत सतारमेकर गल्लीपासून जवळ राहतो. जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची झंकार, काढताना सुताच्या दोऱ्याची जागा केसभर हलली की स्वर कसा उघडतो, हे रोज कानावर पडतं. ती उघडझाप वरच्या स्वरांशांची असते, आणि त्यातले बरेचसे १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. टू-वे स्पीकरचा सांधा, म्हणजे वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो ती वारंवारता, नेमका तिथेच पडतो. म्हणून माझं ठाम मत : आधी सांधा ठरवा, मग ड्रायव्हर (वूफर-ट्वीटर) घ्या.

डग्ग्यासाठी ८ इंची लागतोच असं नाही. काळी एक धरली तर पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. चांगला साडेसहा इंची वूफर ३५ लिटरच्या पेटीत ३८ हर्ट्झला ट्यून केला की हे सगळं आरामात वाजतं. मात्र वूफरचे थील-स्मॉल आकडे (कंपनी देते ती वूफरच्या वागणुकीची मापं) विनआयएसडी या पेटी आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून तो त्या पेटीत बसतो का ते पाहा. पोर्टला, म्हणजे पेटीतल्या हवेच्या नळीला, पीव्हीसी पाइप चालतो. आतला व्यास ६.८ सेंमी असेल तर लांबी साडेसोळा सेंमीच्या जवळ येते.

८ इंचीची खरी अडचण वर आहे. त्याच्या कोनचा कामाचा व्यास साडेसोळा सेंमीच्या आसपास, म्हणजे २१०० हर्ट्झला तरंगलांबी कोनइतकीच होते. तिथे पोचेपर्यंत आवाज समोर एकवटत गेलेला असतो. बाजूला बसलेल्याला मधले स्वर कमी आणि ट्वीटर जास्त असं ऐकू येतं. मग सांधा १५०० पर्यंत खाली आणावा लागतो, आणि साधा डोम तिथे धापा टाकतो. साडेसहा इंचीत हीच मर्यादा २६०० च्या पुढे जाते. २००० ते २२०० ला जोडलं तर दोघांनाही मोकळीक राहते.

ट्वीटरमध्ये त्याची स्वतःची अनुनाद-वारंवारता, म्हणजे तो आपणहून जिथे सर्वात जास्त थरथरतो ती, पाहा. सीअस कंपनीच्या २७टीडीएफसी ट्वीटरची ५५० हर्ट्झ आहे. २२०० म्हणजे तिच्या चौपट, काळजी नाही. त्याची चकती १०४ मिमीची, त्यामुळे वूफरला अगदी खेटून बसवला तर दोन्ही केंद्रांमध्ये १४-१५ सेंमी अंतर राहतं. २२०० ला तरंगलांबी साडेपंधरा सेंमी, म्हणजे अंतर तिच्या आतच आहे. वूफर वरच्या टोकाला हळूहळू उतरत जाणारा, कागदी कोनचा घ्या. धातूचा कोन वर कुठेतरी झणझणतो आणि तो दाबायला वेगळे भाग लागतात.

तयार क्रॉसओव्हरबद्दल. तो ‘८ ओहम’ धरून बनवलेला असतो, पण वूफर ८ ओहमवर थांबत नाही. अनुनादाला तो तीस-चाळीसवर जातो आणि व्हॉइस कॉइलमुळे वरच्या बाजूला पुन्हा चढत राहतो. शिवाय ड्रायव्हर बसवलेल्या पुढच्या फळीची रुंदी त्या बिचाऱ्या तयार क्रॉसओव्हरला कुठून माहीत असणार? २१ सेंमीच्या फळीवर साधारण ५५० हर्ट्झच्या खाली आवाज मागे वळायला लागतो आणि मोकळ्या जागेत ६ डेसिबलपर्यंत (डीबी) उतरतो. भिंतीजवळच्या खोलीत ३-४ डीबी भरून काढले की पुरतात. ते भरले नाहीत तर गायकाचा आवाज पातळ येतो, आणि लोक वूफरला दोष देतात.

सूत्रानं २२०० ला दुसऱ्या पायरीचा लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक प्रकार, प्रत्येक बाजूला एक कॉइल आणि एक कपॅसिटर) काढला तर कॉइल १.१६ मिलिहेन्री आणि कपॅसिटर ४.५ मायक्रोफॅरड येतात. फळीची भरपाई धरून वूफरची कॉइल २ मिलिहेन्रीकडे जाते. हे फक्त सुरुवातीचे आकडे.

कऱ्हाडचा श्रोता
दादा, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. साडेसहा इंची नक्की. पण मोजायचं कसं? आणि कॉइल इथे कुठे मिळणार?

वाइंडिंगवाला
कॉइल मी सांगतो. मोटर वाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात १८ गेजची इनॅमल तार मिळते. लाकडी फिरकीवर हवेच्या गाभ्याची गुंडाळून घ्या, एलसीआर मीटरनं (कॉइल-कपॅसिटरची किंमत मोजणाऱ्या) मोजत शेवटचे वेढे कमी करा. कपॅसिटरला पंख्याचे ४४० व्होल्टवाले पॉलिप्रॉपिलीन चालतात : २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरड सहज मिळतात, समांतर जोडून हवी ती किंमत येते. दोन कॉइल जवळजवळ ठेवू नका, एक आडवी आणि एक उभी बसवा.

जवारी, मिरज
वाइंडिंगवाले, फार उपयोगाचं सांगितलंत. त्यात एक भर : वूफरच्या कॉइलचा डीसी रोध अर्ध्या ओहमच्या आत ठेवा.

मोजायला यूमिक-१ हा मोजमापाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर. पेटी पूर्ण झाल्यावर, ड्रायव्हर त्याच फळीत बसवून मोजायचं. गच्चीवर टेबलावर ठेवा. माइक आणि ट्वीटर जमिनीपासून दीड मीटर, दोघांत एक मीटर अंतर. मग जमिनीचा पडसाद सहा मिलिसेकंद उशिरा येतो आणि १६० हर्ट्झच्या वरचं मोजमाप विश्वासाचं मिळतं. खालचं मोजायला माइक कोनच्या अगदी जवळ धरा. दोन्ही मोजमापांच्या फाइली व्हिट्युइक्सकॅड या क्रॉसओव्हर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या की भागांच्या किमती तिथेच बदलून पाहता येतात. ट्वीटर वूफरपेक्षा तीन-पाच डीबी मोठा निघेल, तो रेझिस्टरच्या जोडीनं खाली आणा.

सांधा जुळला का ते पाहायला ट्वीटरच्या तारा उलट करून मोजा. २२०० ला खोल खड्डा पडला पाहिजे. उथळ पडला तर दोघांचे फेज (लाटांचे चढ-उतार) जुळलेले नाहीत. मग तारा पूर्ववत करून नुसता तानपुरा लावा.

सुताराला एक निरोप : मीटरभर उंचीच्या पोकळीत १७२ हर्ट्झला हवा उभी डोलते. पोर्ट उंचीच्या मध्यावर काढा, तिथे त्या लाटेचा दाब सगळ्यात कमी असतो. वरच्या भागात पॉलिएस्टरचा कापूस सैल भरा, पोर्टचं तोंड मोकळं ठेवून.

आणि मोजायच्या दिवशी ट्वीटर अँपला थेट जोडू नका. २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत ठेवा, स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा स्वर) ५०० हर्ट्झपासून वर लावा. अँप चालू करताना बसणारा धक्का डोमची नाजूक तार जाळू शकतो.