क्लचवालं ऑल-व्हील 'खोटं' कसं? टॉर्सनवाल्यांच्या पोस्टला उत्तर

पाचपाखाडी_पिस्टन:
काल रात्री टॉर्सनवाला यांनी टाकलेली पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. "हॅल्डेक्स म्हणजे खोटं ऑल-व्हील, फ्रंट-व्हील गाडीच्या मागे बांधलेलं शेपूट. खरं ऑल-व्हील एकच, टॉर्सन. क्लचवाली गाडी घेणारे फसलेत." एवढंच, आणि खाली सगळे 'सहमत', 'सहमत'. मला काही राहवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. मोठं झालंय, पण वाचा. नवख्यांसाठी: ऑल-व्हील म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद. ती पुढे-मागे वाटायला हॅल्डेक्समध्ये दाबल्यावर पकडणाऱ्या क्लच प्लेटा असतात, टॉर्सनमध्ये नुसते गिअर. डिफ म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देऊन ताकद वाटणारा गिअरांचा संच.

पहिला प्रश्न, १९८९ची निसानची आर-३२ स्कायलाइन जीटी-आर खोटी का? तिच्यात सेंटर डिफच (पुढच्या-मागच्या चाकांमधलं डिफ) नाहीये. ताकद गिअरबॉक्समधून थेट मागच्या चाकांना जाते, आणि पुढे जी काही जाते ती ऑइलात बुडालेल्या क्लच प्लेटांमधून. चाकांचे स्पीड सेन्सर आणि जी-सेन्सर बघून कॉम्प्युटर प्रेशर वाढवतो, प्लेटा दाबल्या जातात आणि पुढचं टोक ओढायला लागतं, जास्तीत जास्त अर्ध्यापर्यंत. म्हणजे क्लचच ना! या क्लचवर तिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यत मारली.

आता हॅल्डेक्स. तत्त्व तेच, फक्त उलटं. इंजिन आडवं (गाडीच्या रुंदीला) बसवलंय म्हणून पुढची चाकं थेट जोडलेली आणि क्लच मागच्या डिफच्या तोंडाशी. गोल्फ आर घ्या, ऑडी एस३ घ्या, टीटी घ्या, आडव्या इंजिनात मधोमध टॉर्सन बसवायला जागाच कुठे आहे? 'घसरल्यावरच जागं होतं' ही बदनामी पहिल्या पिढीची आहे, १९९८च्या आसपासची. तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात फरक पडला की त्या फरकानेच पंप चालायचा, म्हणजे आधी घसरणं आलंच. चौथ्या पिढीपासून इलेक्ट्रिक पंप आहे. तुम्ही सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबलात की चाक घसरायच्या आधीच प्लेटा आवळलेल्या असतात.

आणि क्वाट्रो, म्हणजे ऑडीचं ऑल-व्हील, म्हणजे टॉर्सनच हे डोक्यातून काढा बरं एकदा. १९८०ला जिनिव्हात जी पहिली क्वाट्रो दाखवली तिच्यात साधं सेंटर डिफ होतं आणि ते लॉक करायला ड्रायव्हरलाच हात लावावा लागायचा. ऑडीची रॅली ड्रायव्हर मिशेल मूटोंने १९८१ची सॅनरेमो रॅली जिंकली, पुढच्या वर्षी ऑडीने कंपन्यांचं जागतिक विजेतेपद घेतलं, तेव्हा टॉर्सन गाडीत आलाही नव्हता. ऑडीच्याच पहिल्या आर८मध्ये व्हिस्कस कपलिंग (आतल्या घट्ट सिलिकॉनमधून जोर देणारं). २०१६पासूनच्या क्वाट्रो अल्ट्रामध्ये तर उभ्या (गाडीच्या लांबीला बसवलेल्या) इंजिनालाही क्लच. मग नक्की कोण कोणाचं शेपूट?

टॉर्सनवाला:
माझ्या तीन वाक्यांवर तुम्ही निबंध लिहिलात, बरं वाटलं. पण मुद्दा चुकवलात. जीटी-आरचा पाया मागच्या चाकांचा आहे, तिला मी कधीच काही बोललो नाही. मी बोललो फ्रंट-व्हीलवर चिकटवलेल्या क्लचबद्दल.

कॉम्प्युटर कितीही फास्ट असला तरी तो आधी मोजणार, मग ठरवणार, मग पंपाला सांगणार. टॉर्सनमध्ये ठरवणारं कोणी नाहीच. वर्म गिअर एकमेकांत असे अडकलेले असतात की एका बाजूची पकड कमी व्हायला लागली की दुसऱ्या बाजूला आपोआप जास्त जोर जातो, चाक सुटायच्या आत. ना पंप, ना सेन्सर, ना वायर. माझ्या दादाची जुनी ए४ क्वाट्रो घेऊन आम्ही जुलैमध्ये माळशेज चढलो होतो, दरडीची माती रस्त्यावर, वरून पाणी, आणि वळणात अर्धा पाय दाबून ठेवला तर गाडी रेषेवरून हलली नाही. मागे मित्र होता आडव्या इंजिनाच्या क्लचवाल्या गाडीत. वर चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, प्रत्येक वळणात आधी नाक बाहेर जातं आणि मग मागून धक्का येतो. हे मी कानाने ऐकलंय, डोळ्याने पाहिलंय. तुमचे पंपाचे जनरेशन तुम्हाला लखलाभ.

पाचपाखाडी_पिस्टन:
दादाच्या गाडीचे टायर कुठले होते आणि मित्राच्या गाडीचे कुठले, ते सांगा आधी.

आणि टॉर्सनला चाक हवेत गेलं की काय होतं तेही सांगा की लोकांना. तो एका बाजूची पकड गुणिले काहीतरी असा जोर दुसरीकडे देतो, समजा तिप्पट. एक बाजू शून्य झाली तर शून्याची तिप्पट शून्यच. तिथे तुमच्या यांत्रिक टॉर्सनला वाचवायला इलेक्ट्रॉनिक्सच लागतं, ते फिरणारं चाक ब्रेकने धरतं तेव्हा कुठे पलीकडे जोर जातो. ऑडीनेसुद्धा २०१०च्या आरएस५पासून काही गाड्यांत टॉर्सन सोडून क्राउन गिअरचं, म्हणजे वेगळ्या रचनेचं डिफ घेतलं.

कोपरी_कट्टा:
दोघांनाही एक विचारतो. क्लचमधून जोर नेहमी जास्त वेगाने फिरणाऱ्या बाजूकडून कमी वेगाच्या बाजूला जातो, बरोबर? वळणात पुढची चाकं मोठा घेर घेतात म्हणून ती मागच्यांपेक्षा जोरात फिरतात, त्यामुळे मागे ढकलता येतं. पण मागचं टोक पुढच्यापेक्षा जोरात फिरवून गाडी वळवायची असेल तर साधा क्लच ते करूच शकत नाही, पूर्ण लॉक झाला तरी दोन्हीकडे सारखाच वेग. म्हणून फोर्डने फोकस आरएसमध्ये मागचं गिअरिंगच किंचित वेगवान ठेवलं आणि मागच्या दोन चाकांना दोन वेगळे क्लच दिले, बाहेरच्या चाकाला जोर देऊन गाडी आत वळते. टोयोटाच्या जीआर यारिसमध्येसुद्धा पुढे-मागे गिअरिंगमध्ये बारीक फरक आहे. ऑडीच्या नवीन आरएस३ला पण मागे दोन क्लच. म्हणजे टॉर्सनवाल्यांचा नाक बाहेर जाण्याचा मुद्दा जुन्या गाड्यांपुरता खरा आहे आणि पिस्टनदादांचं उत्तर नव्या गाड्यांपुरतं. दोघं वेगवेगळ्या वर्षांत भांडताय.

आणि मित्सुबिशीची लान्सर इव्हो विसरलात? मधे डिफ पण आहे आणि त्याला आवळणारा क्लच पण आहे, इव्हो सातपासून. लान्सिया डेल्टात मधे व्हिस्कस, मागे टॉर्सन, आणि १९८७ ते १९९२ जागतिक रॅलीत कंपन्यांची सलग सहा विजेतेपदं. हे की ते असा प्रश्नच नाही खरं तर.

घोडबंदर_रोजचा:
मला एक कळत नाही, हे सगळं चालवणार कुठे? मी कासारवडवलीला राहतो. गायमुखला संध्याकाळी जे अडकतो त्यात कसलं टॉर्क व्हेक्टरिंग (एकेका चाकाला कमी-जास्त जोर देणं) आणि कसलं काय. नवी मुंबईच्या पामबीच रोडवर रात्री पोरं ज्या वेगाने गाड्या काढतात ते बघून पोटात गोळा येतो, त्या रस्त्यावर माणसं गेलीत, त्यामुळे कृपा करून पामबीचचे किस्से इथे नकोत.

माझी पण आडव्या इंजिनाची क्लचवाली आहे, सेकंडहँड घेतली. मागच्या पावसाळ्यात खड्ड्यात मागचा डावा आपटला, साइडवॉलला फुगा आला. टायरवाला म्हणाला एकच बदला साहेब, बाकीचे तीन अजून वर्षभर जातील. एकच बदलला. दोन महिन्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फुल स्टिअरिंग फिरवलं की मागून कट-कट, मग डॅशबोर्डवर दिवा, मग गॅरेजवाल्याने सांगितलं क्लच पॅक गेला. जो आकडा सांगितला त्यात एक स्कूटर आली असती. आणि रस्त्याला जबाबदार कोण? कोणीच नाही. टॅक्स भरायचा, टोल भरायचा, टायर पण आपणच भरायचा.

रबाळे_वर्कबेंच:
घोडबंदरदादा, तुमचा धागा वेगळा काढायला हवा इतका महत्त्वाचा आहे. मी गेली अकरा वर्षं गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) उघडते. हिशोब सांगते. नवा टायर साधारण ८ मिलिमीटर ट्रेडचा, म्हणजे नक्षीच्या खोलीचा, तुमचे जुने समजा ४. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण सव्वा टक्का. चाक किलोमीटरला अंदाजे ५०० फेरे मारतं, म्हणजे त्या एका चाकाचे सहा फेरे कमी. मागच्या डिफमुळे त्याचा अर्धा फरक प्रॉप शाफ्टपर्यंत (मागे ताकद नेणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचतो, चाकाच्या फेऱ्यांत मोजला तर तीन फेरे. ठाणे ते पुणे दीडशे किलोमीटर धरा, साडेचारशे फेऱ्यांचं घासणं, गाडी सरळ जात असताना! क्लच मोकळा असताना सहन करतो, पण जरा आवळला गेला की तापतो, ऑइल जळतं.

आणि दुसरं कारण, जे गॅरेजवाले सांगत नाहीत. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्सला वेगळा फिल्टर नाही, पंपावर बारीक जाळी आहे. प्लेटांचा गाळ त्या जाळीत बसतो. बरेच जण नुसतं ऑइल काढून नवं भरतात आणि सर्व्हिस झाली म्हणून बिल देतात. पंप बाहेर काढून जाळी धुतली नाही तर ऑइल बदलून काही उपयोग नाही, पंप तडफडून मरतो आणि गाडी गुपचूप फ्रंट-व्हील होऊन फिरते. मालकाला पत्ताच नसतो.

टॉर्सनवाला:
बघा, आता दुकान चालवणाऱ्यांनीच सांगितलं. पंप, जाळी, ऑइल, टायर, सगळ्याला जपायचं. टॉर्सनला यातलं काही लागत नाही. ताई, तुमचा धंदाच क्लचवर चालतो म्हणून तुम्ही क्लचची बाजू घेणार, समजू शकतो.

रबाळे_वर्कबेंच:
मी कोणाची बाजू घेतली? वरचं परत वाचा, मी क्लचची दुखणीच सांगितली आहेत. आणि धंद्याचं काढू नका. गिऱ्हाइकाला आधी टायर मोजून ये म्हणून परत पाठवते मी, त्यात माझंच काम जातं.

टॉर्सनला काही लागत नाही हे कुठून आणलंत? वेगळ्या मापाच्या टायरवर तो चोवीस तास काम करत राहतो, गिअरचे दात आणि वॉशर झिजतात, फक्त दिवा लागत नाही म्हणून तुम्हाला कळत नाही. सगळ्यात नाजूक व्हिस्कस, त्याला वेगातला फरकच चालना देतो, आतलं सिलिकॉन तापून घट्ट होत जातं आणि शेवटी कायमचं जाम. असे जाम झालेले मी स्वतः हातात धरलेत.

जिप्सी_नेरूळ:
जरा दमानं घ्या पोरांनो. मी १९९०च्या दशकात जिप्सी चालवली. तिच्यात सेंटर डिफ नाही, क्लच नाही, लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट सरळ एकत्र. चिखलात देव. एकदा वाशीला कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्येच राहिली, माझ्याच लक्षात नाही, यू-टर्न घेताना गाडी अशी अडखळली की वाटलं ब्रेक जाम झाले. पुढच्या चाकांना जास्त फेरे हवेत आणि शाफ्ट देईना, मग टायर घासूनच सुटले. मधे डिफ किंवा क्लच कशासाठी लागतो ते मला त्या एका वळणात समजलं, पुस्तकात नाही. १९६६ला जेन्सन एफएफने रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत मधे डिफ घालून दाखवलं, सोबत यांत्रिक अँटी-लॉक ब्रेक, त्यांनाही हाच त्रास सोडवायचा होता.

आणि एक, चार चाकांना ताकद दिली म्हणून ब्रेक चांगले लागत नाहीत. पावसात पामबीचवर पाणी साचलेलं असतं तिथे घासलेल्या टायरची गाडी तरंगतेच, कुठलंही डिफ असू दे.

पाचपाखाडी_पिस्टन:
काकांना पूर्ण सहमत.

टॉर्सनवाला, धंद्याचं वाक्य मागे घ्या. ताईंनी जेवढं फुकट सांगितलं तेवढं मला पैसे देऊन कोणी सांगितलं नव्हतं. माझंही एक चुकलं, मान्य करतो. वळणाच्या मध्यावर पाय कमी-जास्त करताना उभ्या इंजिनाची टॉर्सनवाली जशी एकसारखी वागते तशी माझी क्लचवाली वागत नाही. मी रोज चालवतो, मला माहितीये. पण 'खोटं' हा शब्द मी मान्य करणार नाही. बीएमडब्ल्यूच्या २०१७च्या एम५मध्ये पुढच्या चाकांना क्लचच आहे, म्हणून तर एक सेटिंग बदलून ती पूर्ण मागच्या चाकांची होते. टॉर्सनमध्ये हे करून दाखवा.

कोपरी_कट्टा:
आणि दोन मोटरच्या इलेक्ट्रिकमध्ये मधे शाफ्टच नाही, पोर्शेची दोन मोटरची टायकान बघा, पुढे एक मोटर मागे एक. तिथे टायरच्या मापाने मधलं घासायला काही नाहीच.

घोडबंदर_रोजचा:
पण खड्ड्यात फुगा तिलाही येणार.

टॉर्सनवाला:
ताई, धंद्याचं बोललो ते चूक होतं, माफ करा. रागात लिहिलं.

बाकी काल रात्री दादाकडून ट्रेड मोजायचं गेज घेऊन आलो. त्या माळशेजच्या ए४चे तेव्हाचे टायर दोन महिन्यांचे होते, आणि ज्याच्या गाडीचं नाक बाहेर जात होतं त्या मित्राला फोन केला तर त्याचे पुढचे तीन वर्षांचे. त्यामुळे माळशेजचा दाखला मी मागे घेतो, तेवढाच. आता माझीही गाडी मोजली, पुढे ५ मिलिमीटर, मागे ७. ताई, एवढा फरक चालतो का?

रबाळे_वर्कबेंच:
मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, गाडीप्रमाणे बदलते, ती आधी बघा. पण दोन मिलिमीटरला मी वाट बघत बसणार नाही. चारही टायर एकाच मापाचे असतील तर पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घ्या या आठवड्यात, म्हणजे झीज सारखी होत येईल. पुढच्या वेळी बदलाल तेव्हा चारही एकदम, एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे. घोडबंदरदादा, तुम्हीसुद्धा. फुगा एकालाच आला आणि बाकीचे अर्धे घासलेले असतील तर तेवढ्याच ट्रेडचा वापरलेला टायर शोधा, तुर्भ्याला मिळतो कधीकधी. पण त्याच्यावरची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका, शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष.