मदत हवी आहे: स्वीडिशमधले गाण्यासाठीचे 'लोत', 'सोंग' आणि 'वीसा' हे शब्द कधी वापरायचे?

नमस्कार मंडळी. स्वीडिश संगीतशब्दांची कार्डं करतोय. नाम एकटं न लिहिता 'एन' किंवा 'एत'सकट (नामाचं लिंग दाखवणारी, 'एक' अर्थाची उपपदं) लिहिलंय: एन फिऊल (व्हायोलिन), एत पियानो. वाजवणं म्हणजे 'स्पेला', पुढे वाद्याचं नाव उपपदाशिवाय, उघडंच: 'स्पेला फिऊल'. तिथे 'लेका' चालत नाही, ते मुलांचं खेळणं. 'मूसिकेर'चं (संगीतकार, वादक) अनेकवचनही 'मूसिकेर'च, पण लोकसंगीत वाजवणाऱ्या 'स्पेलमन'चं 'स्पेलमेन'.

अडलंय गाण्यापाशी. नुसत्या वाद्यांवरच्या लोकधुनेलाही 'लोत' म्हणतात, म्हणजे शब्द असायलाच हवेत असं नाही. 'वीसा'त मात्र कवन महत्त्वाचं. मग रेडिओवरच्या पॉप गाण्याला 'सोंग' म्हटलं तर कानाला खटकतं का? स्वीडनमध्ये राहणाऱ्यांनी तिन्हींचं रोजच्या बोलण्यातलं एकेक वाक्य द्याल का?